टॅब्लो सर्व्हरवर पाऊस-धरणसाठ्याची वर्कबुकं चढवताना : ५ मे ते ६ जूनच्या नोंदी

टॅब्लो म्हणजे आकड्यांचे तक्ते-नकाशे बनवणारं सॉफ्टवेअर, वर्कबुक म्हणजे त्यातली फाइल. काम असं : चार वर्कबुकं (मंडळनिहाय पाऊस, धरणसाठा, टँकर, पेरणी) तिघांच्या डेस्कटॉपवरून काढून एका सर्व्हरवर आणायची आणि पावसाळ्याआधी रोज सकाळी आपोआप ताजी होतील अशी लावून द्यायची. सर्व्हर टॅब्लो २०२३.३, उबुंटू लिनक्सवर, एकच मशीन, ८ कोअर, ६४ जीबी मेमरी. रोजचे आकडे तालुक्यांकडून एक्सेलमध्ये शेअर फोल्डरला येतात, जुना इतिहास पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये आहे. अंदाज आठ दिवसांचा होता, लागला महिना. पब्लिशचं (सर्व्हरवर चढवायचं) बटण पहिल्या चार दिवसांतच दाबून झालं होतं. बाकी वेळ वर्कबुक डेस्कटॉपवर कशाकशाच्या जिवावर चालत होतं ते शोधण्यात गेला.

५ मे

आधी मोजदाद. चारपैकी दोन वर्कबुकं नुसती टीडब्ल्यूबी निघाली. टीडब्ल्यूबी म्हणजे फक्त आराखडा, आत डेटा नसतो. मेलवर आलेली फाइल उघडली की एक्सेल सापडत नाही म्हणून ओरडते ती त्यामुळेच. उरलेली दोन टीडब्ल्यूबीएक्स, म्हणजे आराखडा, एक्स्ट्रॅक्ट (डेटाची काढून ठेवलेली प्रत) आणि चित्रं एका गाठोड्यात. एक्स्टेन्शन बदलून झिप केलं की आत काय काय आहे ते दिसतं. पावसाच्या वर्कबुकात तीन वर्षांपूर्वीचं एक्स्ट्रॅक्ट आणि बोधचिन्हाच्या सहा प्रती होत्या.

एक्स्ट्रॅक्ट नव्याने काढण्याआधी न वापरलेले सगळे कॉलम लपवले (डेटा पेनच्या मेनूत एकाच कमांडने होतं). लपवलेला कॉलम एक्स्ट्रॅक्टमध्ये जातच नाही. ४१२ एमबीचं वर्कबुक ९६ एमबीवर आलं. हे पब्लिश करण्याआधीच करा. नंतर करायचं तर एक्स्ट्रॅक्ट पुन्हा काढावं लागतं.

आवृत्तीचा घोळही आजच निघाला. एका मशीनवर डेस्कटॉप २०२४.२ होता, त्यावर सेव्ह केलेलं वर्कबुक बाकी दोघांच्या २०२३.३ वर उघडेना. फाइल मेनूत जुन्या आवृत्तीत एक्सपोर्ट करायची सोय आहे, त्याने सुटलं. पण नियम म्हणून तिन्ही मशीनवर सर्व्हरचीच आवृत्ती ठेवली. डेस्कटॉप सर्व्हरच्या पुढे पळवू नये.

६ मे

प्रोजेक्ट आणि परवानग्या. तीन प्रोजेक्ट केले : कच्चं, तपासणी, प्रसिद्ध. चूक लगेच झाली. नवीन प्रोजेक्ट तयार होताना डिफॉल्ट प्रोजेक्टच्या परवानग्यांची नक्कल घेतो, आणि तिथे 'सगळे वापरकर्ते' या गटाला पाहण्याची मुभा आधीपासून असते. आम्ही तिन्ही प्रोजेक्ट आधी केले आणि डिफॉल्ट नंतर आवळला. नक्कल आधीच झालेली, त्यामुळे 'कच्चं'मधलं अर्धवट वर्कबुक सगळ्यांना दिसत राहिलं. तिन्ही प्रोजेक्टमध्ये जाऊन तो नियम हातानेच काढला. क्रम उलटा ठेवा : आधी डिफॉल्ट रिकामा करा, मग प्रोजेक्ट.

परवानग्या प्रोजेक्टलाच कुलूपबंद केल्या. नाहीतर प्रत्येक वर्कबुकाचा मालक आपापले नियम लावत बसतो आणि महिनाभराने कुणाला काय दिसतं ते कुणालाच सांगता येत नाही. नियम गटांना द्यायचे, व्यक्तीला नाही. व्यक्तीचा नियम गटाच्या नियमावर मात करतो. एकाला 'तात्पुरती' दिलेली मुभा तशीच राहते आणि गटात केलेला बदल त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

८ मे

पावसाचं वर्कबुक चढवलं. सर्व्हरवर झकास दिसलं.

९ मे

सकाळचं रिफ्रेश फेल. एक्सेलचा पत्ता डी ड्राइव्हवरचा होता, आणि सर्व्हरला कुणाच्या मशीनचा डी ड्राइव्ह दिसणार? मग पब्लिशच्या खिडकीत 'बाहेरच्या फाइली सोबत घ्या' ही खूण केली आणि पुन्हा चढवलं. चूक आवरली नाहीच, उलट झाकली गेली. या खुणेने एक्सेलची प्रत वर्कबुकासोबत जाते आणि तिथेच गोठते. चूक झाल्याचा लाल संदेश येत नाही, तक्ते भरलेले दिसतात, आकडे मात्र ज्या दिवशी चढवलं त्या दिवसाचेच. रोज बदलणाऱ्या डेटासाठी ही खूण काढूनच ठेवा.

१३ मे

फाइलींचा प्रश्न मार्गी लागला. डेस्कटॉपवर फाइल जोडताना झेड ड्राइव्हसारखं टोपणनाव वापरायचं नाही. दोन उलट्या तिरक्या रेघांनी सुरू होणारा पूर्ण नेटवर्क पत्ता टाकायचा. सर्व्हर विंडोजवर असेल तर ज्या खात्याने टॅब्लो चालतं, त्या खात्याला शेअरवर वाचण्याची परवानगी दिली की झालं. लिनक्सवर तीन पायऱ्या आहेत : शेअर ऑटोएफएसने माउंट करायचा (सर्व्हरच्या एका डिरेक्टरीला जोडायचा), कुठला नेटवर्क पत्ता कुठल्या माउंटवर आहे ते टीएसएमच्या (टॅब्लो सर्व्हर सांभाळायच्या साधनाच्या) यूएनसी माउंटपॉइंट सेटिंगमध्ये लिहायचं, आणि ती डिरेक्टरी मुभा असलेल्या वाटांच्या यादीत घालायची. मग बदल लागू करायचे. लागू करताना सर्व्हर बंद होऊन चालू होतो, आमच्याकडे त्याला पंधरा मिनिटं लागतात. तिसरी पायरी सुटली तर माउंट ठीक असूनही फाइल 'सापडत नाही'. त्यात एक अख्खा दिवस गेला, कारण टर्मिनलवरून तीच फाइल व्यवस्थित वाचता येत होती.

१५ मे

रिफ्रेश चालू झालं आणि खरा कचरा वर आला. तालुक्यांच्या एक्सेलमध्ये पावसाच्या रकान्यात तीन प्रकार : इंग्रजी अंक, देवनागरी अंक आणि 'निरंक' हा शब्द. एक्सेलच्या लेखी देवनागरी अंक हा मजकूर असतो. टॅब्लो पहिल्या दहा हजार ओळी बघून कॉलमचा प्रकार ठरवतो. तो 'संख्या' ठरला की मजकुराच्या सगळ्या ओळी नल (म्हणजे मूल्यच नाही), तेही बिनबोभाट.

एका तालुक्याचं उदाहरण. पाच मंडळं, पाऊस १०, निरंक, निरंक, २०, निरंक. खरी सरासरी ६ मिमी. टॅब्लोने नल वगळून दोनाचीच सरासरी काढली आणि १५ दाखवली. याच्या उलटही झालं : एका मंडळात ६८ मिमी पाऊस देवनागरी अंकात लिहून आला होता, तो नल झाला आणि ६५ मिमीच्या वरची अतिवृष्टीची मंडळं दाखवणाऱ्या यादीतून ते मंडळ गळलं. पहिली चूक निदान डोळ्याला खटकते. दुसरी दिसतच नाही.

उपाय : डेटा सोर्समध्येच कॉलम मजकूर म्हणून घेतला. त्यावर रिप्लेसची दहा पदरी कॅल्क्युलेटेड फील्ड, शून्य ते नऊ एकेक अंक बदलत जाणारी, मागेपुढे ट्रिम, 'निरंक' असेल तर शून्य, आणि शेवटी मजकुराची संख्या करणारं फ्लोट. जे तरीही नल राहील त्यासाठी वेगळी शीट, 'न वाचलेल्या नोंदी', तालुका आणि फाइलच्या नावासकट. रिकामी जागा मात्र शून्य करायची नाही. निरंक म्हणजे पाऊस झाला नाही, रिकामं म्हणजे कळवलं नाही.

वाइल्डकार्ड युनियनचाही एक चकवा. फोल्डरमधल्या सगळ्या फाइली जोडताना शीटच्या नावाचा नमुना जुळला तरच ती घेतली जाते. एका तालुक्याने शीटचं नाव बदललं, तो तालुका नकाशावरून गायब, चूक झाल्याचा संदेश नाही. त्यामुळे आता रोज आलेल्या तालुक्यांची मोजणी वरच दिसते : ३५८ पैकी किती.

१९ मे

चारही वर्कबुकांत त्याच इतिहासाचं आपापलं एक्स्ट्रॅक्ट होतं. सकाळी सहाला चार रिफ्रेश एकदम सुटायचे, बॅकग्राउंडर (रिफ्रेश चालवणाऱ्या प्रक्रिया) दोनच, शेवटचं पावणेआठला संपायचं. लोक साडेसातला बघायला येतात. डेटा सोर्स वेगळा पब्लिश केला, चारही वर्कबुकं त्याला जोडली, रिफ्रेश एकच उरलं : बावीस मिनिटं.

'डेटा सोर्स बदला' ही कमांड दिसते तितकी साधी नाही. नावात फरक असलेल्या फील्डवर लाल उद्गारचिन्ह येतं, त्यावर उजवी क्लिक करून संदर्भ बदलावे लागतात. काही ठिकाणी हाताने दिलेले रंग आणि उपनावंही गेली. चार वर्कबुकांना दोन दिवस. आधी प्रत ठेवा. नवीन काम सुरू करत असाल तर पहिल्या दिवसापासून पब्लिश केलेल्या सोर्सवरच बांधा.

पासवर्ड : पोस्टग्रेसच्या जोडणीत 'वापरकर्त्याला विचारा' निवडलेलं असेल तर वेळापत्रकाने रिफ्रेश होऊ शकत नाही, रात्री विचारणार कुणाला? पासवर्ड सोबत साठवायचा, आणि तो एखाद्याच्या वैयक्तिक खात्याचा नको. फक्त वाचण्यापुरतं वेगळं खातं काढलं.

२० मे

व्ह्यूअर (फक्त पाहणाऱ्या) मंडळींना वर्कबुक उघडेना, आम्हाला मात्र उघडत होतं. वर्कबुक पाहायची परवानगी होती, खालच्या डेटा सोर्सवर 'कनेक्ट'ची नव्हती. पब्लिश केलेल्या सोर्सवर बसलेल्या वर्कबुकाला एकतर तीही द्यावी लागते, नाहीतर पब्लिश करताना सोर्सचा पासवर्ड एम्बेड करावा लागतो. ॲडमिनच्या खात्यातून केलेली तपासणी इथे कामाची नाही, ॲडमिनला सगळंच दिसतं. व्ह्यूअर दर्जाचं एक चाचणी खातं काढलं. त्यात एक सीट (परवाना) खर्ची पडते, पण तिच्याशिवाय पब्लिश झालं म्हणता येत नाही. आता प्रत्येक बदलानंतर त्या खात्यातून उघडून बघणं सक्तीचं.

२२ मे

मराठी. डेस्कटॉपवर निर्मला फाँट, सगळं नीट. सर्व्हरवर दोन शीट ठीक, तिसरीत नुसते चौकोन. पीडीएफमध्ये सगळीकडेच चौकोन. एकाच वर्कबुकात असं का, यावर बरीच डोकेफोड झाली. कारण हे : साधी शीट वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये रेखाटली जाते, तेव्हा त्याच्या मशीनवरचा फाँट लागतो. शीट गुंतागुंतीची असली की सर्व्हर स्वतः चित्र बनवून पाठवतो, तेव्हा सर्व्हरवरचा. पीडीएफ, इमेज आणि सबस्क्रिप्शनच्या मेलमधलं चित्र कायमच सर्व्हरवर बनतं. उबुंटूवर देवनागरी फाँटच नव्हता.

निर्मला आणि मंगल हे विंडोजचे फाँट, ते उचलून लिनक्सवर टाकायचे नाहीत. नोटो सॅन्स देवनागरी मोकळा आहे. रेग्युलर आणि बोल्ड दोन्ही फाइली सिस्टिमच्या फाँट फोल्डरमध्ये टाकल्या, फाँट कॅश ताजी केली, यादीत नाव येतं का पाहिलं, सर्व्हर रीस्टार्ट केला. मग तोच फाँट तिन्ही डेस्कटॉपवर बसवला आणि वर्कबुकातला फाँट बदलला. फाँट बदलला की रुंदी-उंची बदलते. 'सिंधुदुर्ग'मधला रफार वरच्या कडेला कापला गेला, 'छत्रपती संभाजीनगर' रकान्यात मावेना. ओळीची उंची थोडी आणि रकान्याची रुंदी अंदाजे सातवा हिस्सा वाढवली. शीट सर्व्हरवर रेखाटून बघायची असेल तर पत्त्याच्या शेवटी रेंडरचा पर्याय फॉल्स करून उघडा, पीडीएफ काढण्याआधीच कळतं.

वर्कबुकाच्या फाइलचं नाव रोमन अक्षरांत, जागा न सोडता ठेवलं. पत्ता त्यावरून बनतो आणि मेलमध्ये सुटसुटीत राहतो. मराठी शीर्षक डॅशबोर्डच्या आत.

२३ मे

नकाशा. अहिल्यानगर, धाराशिव, छत्रपती संभाजीनगर : टॅब्लोला नावं ओळखता येईनात, खाली 'अज्ञात'चा शिक्का. जागा संपादित करून जुन्या नावांशी जोडता येतं, पण काही तालुके अजून जुनीच नावं पाठवतात, म्हणजे ते काम कधी संपणार नाही. जिल्ह्यांच्या सीमांची आकारफाइल वापरली. हाती असलेली फाइल २०११ च्या जनगणनेची, त्यात जिल्हे ३५. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला झाला, त्यामुळे त्याचा पाऊस कुठेच रंगत नव्हता आणि ठाण्याचा आकार डहाणूपर्यंत पसरलेला. ३६ जिल्ह्यांची फाइल घेतली आणि नावाऐवजी एलजीडी कोडवर (सरकारी निर्देशिकेतल्या क्रमांकावर) जोडणी केली. नाव फक्त दाखवण्यापुरतं. पुढे आणखी नामांतर झालं तर एका तक्त्यात एक ओळ बदलायची.

धरणसाठ्याच्या नकाशात वेगळीच गंमत. रंगपट्टी आपोआपवर सोडलेली, म्हणजे प्रत्येक रिफ्रेशला कमाल-किमान नव्याने ठरतं. त्यात उजनी. एकूण साठा जवळपास ११७ टीएमसी, त्यातले ६३ हून जास्त मृत साठ्यात, आणि उन्हाळ्यात तिथूनही पाणी उचललं जातं. म्हणून टक्केवारी उणे जाते. एका उजनीमुळे पट्टी उणेपासून सुरू व्हायची आणि कोयनेचा रंग पाणी तेवढंच असताना बदलायचा. 'काल हिरवं होतं, आज पिवळं कसं?' असे फोन आले. पट्टीची सुरुवात, शेवट आणि मध्य तिन्ही हाताने बांधले, उणे साठ्याला स्वतंत्र रंग दिला.

२७ मे

बुधवारपासून रिफ्रेशच झालेलं नाही, हे आज मंगळवारी कळलं. फाइल सर्व्हर बुधवारी देखभालीसाठी बंद होता, रिफ्रेश दर तासाला लावलेलं, लागोपाठ पाच वेळा फेल. पाचव्यांदा फेल झालं की टॅब्लो ते काम स्थगित करतो आणि हाताने पुन्हा चालू करेपर्यंत ते पडून राहतं. मेल गेला होता, पण डेटा सोर्सच्या मालकाला, आणि मालक म्हणून नोंद बदली होऊन गेलेल्या माणसाची. मालकी सामायिक खात्यावर आणली. रिफ्रेश तासाऐवजी दिवसातून तीनदा : ६.३०, १०, ५. पाऊस तासाला येत नाही आणि आला तरी तालुका तासाला कळवत नाही.

यातलीच दुसरी गोष्ट : डॅशबोर्डवर 'अद्ययावत' म्हणून एक्स्ट्रॅक्टची वेळ छापली होती. पण जुन्याच फाइलीवर रिफ्रेश यशस्वी झालं तरी ती वेळ नवी दिसते. आता नोंदींमधली सर्वांत मोठी तारीख छापतो. 'आज' म्हणून टुडे फंक्शनही काढलं : सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) आहे, पहाटे साडेपाचपर्यंत त्याच्या लेखी कालचाच दिवस.

३० मे

वेग. मुख्य डॅशबोर्ड ३४ सेकंदांत उघडत होता. साइटच्या सेटिंगमध्ये मुभा देऊन, पत्त्याला परफॉर्मन्स रेकॉर्डिंगचा पर्याय लावून उघडलं. अकरा फिल्टर होते, त्यांतल्या आठांवर 'फक्त संबंधित मूल्यं'. एक बदलला की बाकीच्या प्रत्येकाची स्वतंत्र क्वेरी. जिल्हा-तालुका-मंडळ या तिघांपुरतं ते ठेवलं, चार फिल्टर काढूनच टाकले (कुणी विचारलंही नाही). डॅशबोर्डचा आकार 'आपोआप'वरून ठरावीक केला, म्हणजे एकासाठी बनलेलं चित्र कॅशमधून दुसऱ्याला देता येतं. ९ सेकंद. आपोआप तयार झालेला फोन लेआउटही काढला, त्यात नकाशा अंगठ्याएवढा दिसत होता.

३ जून

जिल्ह्याच्या माणसाला त्याचाच जिल्हा दिसावा. वापरकर्ता-जिल्हा असा तक्ता आणि यूजरनेम फंक्शनवर फिल्टर. पहिल्यांदा तो वर्कबुकात लावला. चूक : वेबवर संपादनाची मुभा असलेला कुणीही तो शीटवरून ओढून बाहेर टाकू शकतो. फिल्टर पब्लिश केलेल्या डेटा सोर्समध्ये हलवला. डेस्कटॉपवर उजव्या खालच्या कोपऱ्यात वापरकर्ता बदलून पाहता येतं, तिथे सहा जिल्हे तपासले. पूर्ण डेटा उतरवून घेण्याची परवानगी व्ह्यूअर गटातून काढली.

वर्कबुक बदलायचं तर त्याच नावाने, त्याच प्रोजेक्टमध्ये ओव्हरराइट. पत्ता आणि सबस्क्रिप्शन टिकतात. एकाने नावापुढे 'अंतिम' लावून चढवलं, दोन वर्कबुकं झाली आणि लोक जुनीच बघत राहिले. आधीच्या आवृत्त्या सर्व्हर ठेवतो (मुळात २५ पर्यंत), त्यामुळे 'अंतिम २' ची गरज नाही.

६ जून

६.५२ ला रिफ्रेश संपलं. मोजणी ३५७. सापडायला चार मिनिटं लागली : फाइल आली होती, शीटच्या नावात शेवटी एक स्पेस होती. नमुन्यात शेवटी तारा टाकला, हाताने रिफ्रेश केलं, ३५८. न वाचलेल्या नोंदींत दोन ओळी : एकीत '१२ मिमी', दुसरीत दशांशचिन्हाऐवजी स्वल्पविराम. पहिलीसाठी 'मिमी' गाळणारा अकरावा रिप्लेस टाकला. दुसरीसाठी तालुक्याला फोन.